घरभरणीची टोपी

मी टोपी बोलतेय. पांढरी, साध्या कापडाची, आहेराची टोपी. नारळ फुटतो, टॉवेल अंग पुसून पुसून विरतो. मी मात्र होते तशीच आहे, आणि तरी दमलेय.

मंठ्याच्या बाजारात दैवशाला नावाच्या बाईनं मला शिवलं. गठ्ठ्यानं शिवलं, त्यामुळे मी तिच्या लक्षात असेन असं काही नाही. पुढं माझं आयुष्य बारशात, तेराव्यात आणि सत्कारात गेलं. कुणीतरी मला कुणाच्या तरी डोक्यावर टेकवायचं, फोटो निघायचा, आणि तो निघाला रे निघाला की मी खिशात. घरी त्याची बायको म्हणायची, "ठिवून द्या, कुठंतरी द्यायला व्हते." काम न करताही थकवा येतो, हे मला विचारा.

अशीच फिरत फिरत भोकरदनला सर्जेरावांच्या पेटीत आले. सर्जेराव निवृत्त पोस्टमास्तर. माणूस वाईट नाही, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. त्यांच्या वाट्याचंही गिरिजाबाईच बोलतात. मुलगी अक्षता लग्नाची. मुलगा राजानंद जालन्याला शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात नाटकं लिहितो. त्याच्यासोबत दर रविवारी त्याचा मित्र प्रेम यायचा. औषधाच्या दुकानात कामाला असलेला, वडीगोद्रीचा उंच पोरगा. गिरिजाबाईंना लसूण सोलून द्यायचा, सर्जेरावांच्या गोळ्या लावून ठेवायचा.

आता घरात लग्नाची मुलगी आहे आणि पोरगा एक रविवार चुकवत नाही, म्हटल्यावर आईबापांनी काय समजायचं? तेच समजले. पण विचारलं कुणीच नाही. आपल्याकडं अशा गोष्टी विचारत नाहीत, आहेर करतात.

नव्या घराची घरभरणी होती. जावयांची रांग बसली होती. सर्जेरावांनी प्रेमला हाताला धरून त्या रांगेत बसवलं, त्याच्या हातात पूर्ण पोशाख दिला आणि मला डोक्यावर ठेवलं. पाहुण्यांनी काय ते ओळखलं. अक्षताला सगळं ठाऊक होतं, हसू आवरेना म्हणून ती आत पळाली. बाया म्हणाल्या, लाजली पोरगी. प्रेमच्या कपाळाचा घाम माझ्या कडेला लागला. त्यानं राजानंदकडं पाहिलं, राजानंदनं त्याच्याकडं, आणि मला कळलं. या दोघांचा जीव एकमेकांवर होता. जावई बरोबर होता, नातं चुकलं होतं.

प्रेमनं मला खिशात कोंबलं नाही. जालन्याच्या आपल्या खोलीत खुंटीला नीट टांगलं. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं.

राजानंदला घरी सांगायचा धीर होईना. मग त्यानं फार्स लिहिला. त्यात हीच घरभरणी, हाच घोटाळा. मुलाच्या प्रियकराला लोक मुलीचा नवरा समजतात, आणि मुलीला बघायला आलेला खरा नवरदेव आचारी म्हणून कांदे चिरत बसतो. प्रियकर झाला प्रेम. टोपीचं काम मलाच मिळालं.

"आबा-आईला बोलवून राह्यलो मी," राजानंद म्हणाला.

"येड लागलं का? नीट बोल ना त्यांच्याशी."

"बोलता आलं असतं तर लिव्हलं कशाला असतं?"

"अन् बिघडलं मंग? माझे रविवार जातील, राजा. तुझं काय, तुझं तर घरच हाय ते."

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. आचारी झालेला नवरदेव रडत रडत कांदे चिरू लागला तेव्हा सर्जेराव मांडीवर थापा मारून हसले. मग प्रेमनं ते वाक्य घेतलं, "जावई मीच हाय मामा, पण ताईचा न्हाई!" सगळं सभागृह खदखदलं. पहिल्या रांगेतला एक माणूस हसता हसता थांबला. प्रेमच्या डोक्यावरून मला तो स्पष्ट दिसत होता.

पडदा पडल्यावर सर्जेराव विंगेत आले. त्यांनी प्रेमपुढं हात केला. "ती टोपी आमच्या घरची हाय."

प्रेमनं मला काढून दिलं. भोकरदन येईपर्यंत गिरिजाबाई एसटीत पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मी सर्जेरावांच्या खिशात होते.

तेव्हापासून प्रेम येत नाही. राजानंद एकटा येतो, जेवतो, जातो. घर नवं आहे, पण त्यात जीव नाही.

परवा अक्षताचं लग्न ठरलं. गिरिजाबाई पेटी उघडून आहेर लावायला बसल्या. मला हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, ही मंठ्याच्या दाजींना द्यायची का?"

"राहू दे. ती जावयाची हाय."

"नवरदेवाला तर फेटा बांधायलो आपण."

"त्याची न्हाई म्हनलो मी."

गिरिजाबाईंचा हात तसाच थांबला. हळूच म्हणाल्या, "मंग बोलवा की त्याला."

सर्जेराव उठले आणि अनवाणीच अंगणात गेले.

प्रेम, बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीला जाऊ नये, ही रीत मला कळते. पण हा माणूस बोलावणार नाही रे. त्याला ते येतच नाही. रोज पेटी उघडतो, मी आहे ना ते बघतो आणि झाकण लावतो. मी फार थकले आता. तूच ये. तो दारात उभा राहील आणि काही बोलणार नाही. त्याचा राग मानू नकोस. तो ठेंगणा आहे, तू उंच. जरासा वाक, म्हणजे त्याचा हात पोचेल.