दोन नावांची यादी

नोव्हेंबरात ट्रेंट नदीवरचं धुकं सकाळी सकाळी इंग्लंडमधल्या आमच्या न्यूआर्कमध्ये शिरतं आणि दुपारपर्यंत जायचं नाव घेत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी क्रीडागृहाचं दार उघडलं, तर ते माझ्याबरोबर आत आलं, बॅडमिंटनच्या रेघांवर थोडा वेळ रेंगाळलं आणि विरून गेलं. एवढ्या मोठ्या सभागृहात मी एकटी होते. हातात चिकटपट्टी आणि टेबलांचा नकाशा.

हा नकाशा सव्वीस वर्षं मीच काढते. चिमुकल्या सैनिकांच्या या स्पर्धेत कुठल्या खेळाला किती टेबलं द्यायची हे नावं किती आली त्यावर ठरतं. मी सुरुवात केली तेव्हा अर्ध्याहून जास्त सभागृह 'प्राचीन'चं असायचं. आम्ही त्या खेळाला नुसतं तेवढंच म्हणायचो. रोमन, इराणी, कार्थेजचे हत्ती, सगळे बोटाच्या पेराएवढे, ओतीव धातूचे, दोन-तीन केसांच्या कुंचल्यानं रंगवलेले. चौसष्ट खेळाडू, बत्तीस टेबलं. एका वर्षी मी वरच्या गॅलरीत खुर्च्या मोजायला गेले आणि खाली पाहून मोजायचंच विसरले. बत्तीस हिरवी मैदानं, त्यांवर कापसाचा धूर, आणि वाकलेली माणसं ढगांसारखी हळूहळू सरकणारी. आपण झोपलेल्या एखाद्या देशावरून तरंगत चाललोय असं वाटलं होतं.

मग दुसरे खेळ येत गेले. नेपोलियनच्या लढाया चढल्या आणि ओसरल्या. प्लास्टिकचे राक्षस आले. अंतराळातले चिलखती योद्धे आले ते तर पुरासारखे. यंदा 'राखेचे सूर्य' या एका खेळाला एकशे चार नावं होती. तासाभरात संपणाऱ्या 'टोळी'ला अठ्ठेचाळीस. आणि प्राचीनला दोन.

"दोन म्हणजे स्पर्धा नव्हे गं लोर्ना," नसीम फोनवर म्हणाली होती. नसीम आमच्या समितीत आहे, 'राखेचे सूर्य' तीच बघते. "दोन म्हणजे चहापान. त्यांना प्रेमानं सांग ना, पुढच्या वर्षी बघू म्हणून. मला ती जागा हवी आहे."

"एक टेबल राहू दे."

"का पण?"

मी विषय बदलला. यादीत दोनच नावं होती, मॅल्कम बर्डेट आणि डेवी प्रॉसर. आणि या दोघांना एकमेकांसमोर बसू द्यायचं नाही म्हणून मी एकोणीस वर्षं लबाडी करत आले होते.

एके काळी दोघं जिवलग मित्र होते. मॅल्कम आमच्या गावचा, डेवी वेल्समधून लहानपणी आलेला. दोघं बीटच्या साखर कारखान्यात एकाच पाळीला. दर गुरुवारी मॅल्कमच्या स्वयंपाकघरात बसून सैनिक रंगवायचे, त्याची बायको ओरडेपर्यंत. दोघांची सैन्यं निराळी, पण रंगाच्या डब्या सामाईक.

मग एका वर्षी शेवटच्या फेरीत दोघांची गाठ पडली. डेवीचे हत्ती मॅल्कमच्या भालेकऱ्यांवर धावून जाणार होते. चार इंचांत पोचले तर धडक, नाहीतर नाही. डेवी म्हणाला पोचतात, मॅल्कम म्हणाला केसभर कमी पडतंय. मला पंच म्हणून बोलावलं. मी गर्दीतून वाट काढत पोचले तोवर मॅल्कमनं मोजपट्टी गुंडाळली होती आणि कुणाच्या तरी कोपरानं कापड सरकलं होतं. मी वाकले. मला काही कळलं नाही. परक्या माणसानं रस्ता विचारावा आणि आपल्याला ठाऊक नसताना आपण ठामपणे हात दाखवावा, तसं मी म्हणाले, "नाही पोचत."

डेवी हरला. निघताना त्यानं मॅल्कमला विचारलं, "पट्टी तू मुद्दाम उचललीस ना?"

"म्हणजे मी लबाड?"

"मी विचारलं फक्त."

"असलं विचारायचं नसतं, डेवी."

तेवढंच. त्या गुरुवारी डेवी गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पुढल्या वर्षी दोघांनी पुन्हा नाव दिलं. आमच्याकडे सारखे गुण असलेल्यांची जोडी लावतात. मी एक नाव वर सरकवलं, एक खाली. चौसष्टांत कुणाला कळणार? चाळिसांतही कळलं नाही. वीस झाले तेव्हा जरा कसरत करावी लागली. सहा उरले तेव्हा डोकं खाजवलं. गेल्या वर्षी चारच होते, तेव्हा मी सभागृह लवकर रिकामं करायचंय अशी थाप मारून एक फेरीच कापली. दोघांना आणखी दुखावायचं नाही, एवढाच माझा हेतू. यंदा मात्र सरकवायला नावच उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मॅल्कम आधी आला. नेहमीसारखा, टोपी काखेत, पेटी छातीशी. "काय गं बदके, बरी आहेस ना?" आमच्या भागात पुरुष काय, बाई काय, सगळी एकमेकांची बदकंच. मी त्याला टेबल दाखवलं. कोपऱ्यातलं, काचेच्या दाराजवळचं. त्यानं समोरची रिकामी खुर्ची पाहिली आणि टोपी काखेतून काढून हातात दोनदा फिरवली.

डेवी सुनेचा हात धरून आला. मला धक्का बसला. वर्षभरात तो खूप उतरला होता. सून त्याला खुर्चीपर्यंत सोडून गेली. तो टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसला. मी चहा आणि बेकनचे पाव घेऊन गेले, तर दोघांचे हात मांडीवर. पेट्या बंद. शेजारी एकशे चार माणसांचे फासे पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजत होते आणि या कोपऱ्यात बोळातली शांतता.

शेवटी मॅल्कम कापडाकडे बघत म्हणाला, "झाला ना नाइलाज तुझा?"

"माझा कसला नाइलाज?"

"माझ्यासमोर बसवू नकोस म्हणून लोर्नाला सांगून ठेवलं होतंस ना. मी काय आंधळा आहे? एकोणीस वर्षांत एकदाही गाठ पडत नाही."

डेवीनं मान वर केली. "मी? अरे, तूच सांगितलं होतंस तिला!"

"मी कशाला सांगू?"

मग दोघांची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या हातात ट्रे होता. तो खाली ठेवायला टेबलावर जागा होती, पण मला ठेवता येईना.

"कुणी सांगितलं तुला?" मॅल्कमनं विचारलं.

"कुणीच नाही. माझं मीच केलं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. मला वाटलं, तुम्हाला बरं पडेल." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. "आणि त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. कापड हललं होतं. मी अंदाजानं बोलले."

मॅल्कम उठला. खुर्ची मागे पडली ती त्यानं उचलली नाही. काचेचं दार ढकलून तो बाहेर गेला. धुक्यात त्याची पाठ आधी करडी झाली, मग पांढरी, मग दिसेना.

मी खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसले. डेवी चहाचा कप शोधत होता, मी तो त्याच्या हातात दिला.

"मी दर वर्षी का यायचो, माहितेय?" तो म्हणाला. "वाटायचं, यंदा तरी त्याचं नाव समोर निघेल. तसं घर काही लांब नाही त्याचं. पण घरी जाऊन काय बोलणार? दारात उभं राहून काय म्हणणार? टेबलावर बरं असतं. हातात फासे असले की माणूस आपोआप बोलतो."

"डेवी, मला माफ कर."

"गंमत सांगू? त्या दिवशी मलाही दिसलं नव्हतं. मी टेबलाच्या पलीकडून ओरडत होतो. उगाच." तो हसला, पण आवाज न करता. "तू वाईट नाहीस गं. पण फार मधे मधे करतेस."

वीस मिनिटं गेली असतील. मॅल्कमची गाडी बाहेर आहे की गेली हे बघायला जायचं धाडस मला होईना. मग दार उघडलं आणि तो आत आला. केसांवर, भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"चहा गार झालाय," तो म्हणाला. "दुसरा आण. दोन चमचे साखर." आणि डेवीला म्हणाला, "मांड."

"मांडतो. पण मोजायचं तुला लागेल. माझ्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडा दिसतात, मधलं जातं. आकडे तर नाहीच दिसत."

मॅल्कमचा हात पेटीच्या कडीवर थांबला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"गेल्या वर्षी कसा खेळलास मग?"

"वाईट खेळलो."

मॅल्कमनं आपली पेटी उघडली, मग वळसा घालून डेवीची उघडली आणि एकेक तुकडी त्याच्या बोटांखाली ठेवत गेला. "हे तुझे हत्ती. हे गोफणवाले. हे कोण? नवीन दिसतात."

"घोडेस्वार. डोळे होते तेव्हाचे शेवटचे. रंग कसा जमलाय?"

"घोड्यांचा बरा आहे. माणसांचं नाक लाल केलंयस. सगळे प्यायलेले दिसतात."

"असूच देत. घाबरणार नाहीत."

खेळ सुरू झाला. सुरुवातीला नुसते आकडे. मॅल्कम पट्टी लावायचा, वाकायचा, म्हणायचा, "साडेतीन." डेवी म्हणायचा, "बरं." "सहा. बाणांच्या पल्ल्यात आहेस." "बरं." मग डेवीनं विचारलं, "तुझ्या उजवीकडे काय आहे रे?"

"ओढा आहे."

"पाणी किती?"

मॅल्कमनं निळ्या रंगवलेल्या पट्टीकडे पाहिलं. तो मोजकं बोलणारा माणूस. कारखान्यात यंत्राची तक्रारसुद्धा चार शब्दांत सांगायचा. तो म्हणाला, "घोट्याएवढं. तळाला गोटे. तुझे घोडे उतरतील, पण सावकाश. पलीकडे चढ आहे, गवत वाळलेलं. तिथं माझी पोरं बसलीत उन्हात. एकानं पायातली वहाण काढलीय, खडा गेला असावा."

डेवीनं डोळे मिटले. "सांग पुढे."

आणि मॅल्कम सांगत राहिला. मी जायला हवं होतं, 'टोळी'च्या टेबलांवरून मला हाका येत होत्या, पण मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले. हत्ती चालू लागले तेव्हा टेकडीवरून धूळ उठली. रांगेतल्या भाल्यांची टोकं वाऱ्यानं शेत हलावं तशी हलली. कुठंतरी कुणीतरी पाण्यासाठी हाक मारत होतं, आणि ती हाक क्रीडागृहातली नव्हती. काचेपलीकडे सगळं पांढरं होतं, त्यामुळे जग संपून ते सहा फुटांचं हिरवं मैदान तेवढं उरल्यासारखं झालं होतं. मी किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत नसीम आली, हातात उकडून घोटलेल्या वाटाण्यांचा वाडगा, त्यावर पुदिन्याचं आंबट पाणी. मागोमाग तिचे पाच-सहा खेळाडू. एकजण हळूच टेबलाजवळ उकिडवा बसला आणि डोळे कापडाच्या पातळीला आणून बघू लागला. नसीमच्या वाटाण्यांवर साय धरली तरी चमचा तसाच राहिला.

दुपारी अडीचच्या सुमाराला डेवीचे हत्ती मॅल्कमच्या मुख्य फळीसमोर आले. डेवीनं धडक जाहीर केली. मॅल्कमनं पट्टी लावली. तो फार वेळ वाकून होता. पट्टी टेबलावरून उचलायला तो तयार नव्हता.

"साडेचार," तो म्हणाला. "नाही पोचत, डेवी."

"बरं," डेवी म्हणाला. आधीच्या प्रत्येक वेळेसारखंच, तेवढ्याच सहज. "मग तू ये अंगावर."

मॅल्कमनं पट्टी ठेवली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. पुसून झाल्यावरही पुसतच होता.

चार वाजता डेवीच्या सैन्याची डावी बाजू कोसळली आणि खेळ संपला. नसीम वही घेऊन आली. "निकाल काय लिहू?"

"मी हरलो!" डेवी इतक्या आनंदानं म्हणाला की शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. दोनच खेळाडू असल्यामुळे चषक नव्हता. नसीमनं दोघांना 'राखेचे सूर्य'चा एकेक प्लास्टिकचा योद्धा दिला. मॅल्कमनं तो उलटासुलटा करून पाहिला. "याला पाय किती?" त्यानं विचारलं. डेवीला घरी त्यानंच सोडलं.

मॅल्कम माझ्याशी जानेवारीपर्यंत बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. एकोणीस वर्षं म्हणजे जवळजवळ हजार गुरुवार होतात. त्याची बायको त्याच काळात गेली आणि अंत्यविधीच्या दिवशी डेवी चर्चच्या मागच्या बाकावर बसून परत गेला होता, हे मला मागाहून कळलं. त्यासाठी माझी माफी पुरेशी नाही, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी नोंदणी बंद झाली तेव्हा प्राचीनपुढे शून्य होतं. मी घाबरून फोन केला.

"आम्ही गुरुवारी खेळतोच की," मॅल्कम म्हणाला. "शनिवारी पुन्हा कशाला? शिवाय तिथं फार गोंगाट असतो."

"मग यादीतून काढू खेळ?"

"काढ की. यादी काय करायचीय? आणि ऐक बदके, येत जा कधी. फक्त भांडण झालं तर पंच म्हणून मधे पडायचं नाही."

मी नकाशावरचं ते चौकोनी घर पुसलं आणि तिथं 'टोळी' लिहिलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी गेले. मागचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिरवं कापड, खिडकीतून तिरपं ऊन, किटलीची वाफ त्या उन्हात हळूहळू फिरत होती. डेवी एका घोडेस्वारावरून बोट फिरवत होता. मॅल्कमनं मला हातानंच बस म्हटलं.

"समुद्र दिसतो का रे तिथून?" डेवीनं विचारलं.

मॅल्कम टेबलाच्या कडेला वाकला, गाल जवळजवळ कापडाला लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"थांब जरा," तो म्हणाला. "टेकडीवर चढू दे."