अर्धा शिक्का

"रेषेच्या आत व्हता चेंडू. आत! धा वेळा दाखवून राहिले टीव्हीत, अन् तुमी अजून पंचाचीच बाजू घेऊन राहिले?"

प्रेमदासनं हातातली पक्कड टेबलावर आपटली. उत्तमसिंगनं चहाची बशी तेवढी बाजूला सरकवली. वसमतच्या बसस्थानकामागं त्याची केबलची खोली होती आणि गावातली अर्धी भांडणं तिथंच व्हायची.

"अरे, जूनमधे झाली ती फुटबॉल वर्ल्डकपची मॅच," उत्तमसिंग म्हणाला. "सप्टेंबर लागला. स्पेनवाले पण विसरले असतील, बेटा."

"लोक विसरतात म्हणून तर पुन्हा करतात. परवा बास्केटबॉलच्या फायनलला काय झालं? अर्जेंटिनाचा गडी शेवटी शेवटी घुसला, सरळ धक्का बसला त्याला. शिट्टी? न्हाई. युगोस्लाव्हिया वर्ल्ड चॅम्पियन. पंचाचं तोंड बराबर त्याच टायमाला काहून कोरडं पडतं?"

"तुला तर नाणेफेक पण ठरवलेली वाटते."

"असतेच."

सोळा वर्षांचा प्रेमदास राठोड दिवसभर खांबांवर चढून वायरी ओढायचा आणि उरलेला वेळ या खोलीत मॅच बघत बसायचा. तांड्यावरच्या बाभळीला त्यानं मोडक्या छत्री अँटेनाची कडी ठोकली होती. तिच्यात रोज शंभर वेळा चेंडू टाकल्याशिवाय तो भाकरीला शिवत नसे. शाळा त्यानं नववीत सोडली. परीक्षेत त्याच्या बाकाखाली कॉपीची चिठ्ठी सापडली होती. ती मागच्या पोरानं फेकली, ते खेळाच्या कऱ्हाळे सरांनी पाहिलं होतं. नंतर हेडमास्तरांनी विचारलं, तेव्हा सर खिडकीबाहेर बघत राहिले. प्रेमदासनं दप्तर त्याच खिडकीतून फेकलं आणि पाठोपाठ स्वतः चालता झाला.

आज तेच कऱ्हाळे सर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"प्रेमदास, उद्या हिंगोलीला चल. बास्केटबॉलची जिल्ह्याची फायनल हाय. आपला उंच पोरगा तापानं पडला."

"मी कुठं शाळेत हाय?"

"त्ये मी बघतो. हरीशच्या नावावर खेळशील. त्यो राखीवच हाय, बसूनच असतो."

प्रेमदासनं सरांना खालून वर न्याहाळलं. "तुमाला माझी आठवण आज काहून आली, सर?"

सर हळूच म्हणाले, "तुझ्यासारखा हात आपल्या टीममधे एकाचाबी न्हाई."

एवढं चांगलं हे सर बोलतात म्हणजे यात काहीतरी आहे, हे प्रेमदासला कळत होतं. तरी तोंडातून निघालंच, "हिंगोलीच्या रिंगला जाळी हाय?"

"हाय की."

त्यानं उत्तमसिंगकडं पाहिलं.

"जा बाबा," उत्तमसिंग म्हणाला. "उद्या दिवसभर तुझं काही काम नाही. निदान माझं डोकं तरी शांत राहील."

सकाळी जीपमध्ये हरीश त्याच्या शेजारीच बसला होता. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. दोन वर्षं त्यानं टीमच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. त्याची सात नंबरची बनियन आता प्रेमदासच्या अंगात होती.

"घट्ट व्हते का?" हरीशनं विचारलं.

"व्हते. तुझी आई काय म्हनली?"

"तिला सांगितलंच न्हाई. खेळायला चाललो म्हनलो. डबा दिला तिनं, सगळ्यांपुरता."

पुढं बसलेल्या सरांच्या मांडीवर खेळाडूंचे फॉर्म होते. प्रेमदासनं मान लांब केली. हरीशच्या फॉर्मवर, हरीशचा फोटो उपटून, कालच काढलेला प्रेमदासचा फोटो चिकटवला होता. हेडमास्तरांचा गोल शिक्का नेमानं अर्धा कागदावर, अर्धा फोटोवर पडतो. इथं कागदावर अर्धं वर्तुळ होतं आणि फोटो कोरा.

"सर, शिक्का जुळत न्हाई."

"एवढं कोन बघतं?"

"मी बघितलं की."

"तुझे डोळे घारीचे. पंचाचे नसतात."

हिंगोलीच्या मैदानावर सरावाला चेंडू हातात आला, तसा तो सगळं विसरला. पहिलाच चेंडू कडीला न लागता आत गेला आणि जाळीतून सळकन आवाज झाला. टीव्हीवर हा आवाज त्यानं हजारदा ऐकला होता. समोर उभं राहून ऐकण्यात काही वेगळंच होतं. तांड्यावर चेंडू आत गेला काय, बाहेर गेला काय, आवाज सारखाच. त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा आत. पलीकडची टीम सराव सोडून बघायला लागली.

पंच फॉर्म घेऊन आले. एकेक नाव पुकारायचं, पोरानं 'हजर' म्हणून पुढं यायचं.

"हरीश किसनराव बोखारे."

प्रेमदास जाळीकडं बघत होता. आपण आज हरीश आहोत, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"हजर, सर!"

आवाज मागून, पायऱ्यांवरून आला. मांडीवर डबा घेऊन बसलेला हरीश हात वर करून ताठ उभा राहिला होता. पहिलीपासून रोज सकाळी देत आलेली हजेरी तोंडातून आपसूक निसटली होती. पलीकडची पोरं फिदीफिदी हसली. हरीशनं हात खाली घेतला, पण तो हात कुठं ठेवावा ते त्याला समजेना.

पंचांनी हरीशकडं पाहिलं, मग प्रेमदासकडं, मग फॉर्मकडं. त्यांचा अंगठा फोटोच्या कडेवर येऊन थांबला. प्रेमदासची नजर त्यांच्या डोळ्यांवरच होती. ते डोळे अर्ध्या शिक्क्यावर गेले, तिथं थबकले आणि उचलले गेले. त्यांनी फॉर्म मिटला.

"आवाज नीट द्यायचा रे. चला, उशीर व्हायला लागला. उभे राहा."

कऱ्हाळे सर दूर रस्त्याकडं बघत होते. मान अगदी तशीच वळलेली, खिडकीच्या वेळची.

"तुमाला दिसलं ना?" प्रेमदासनं पंचांना विचारलं.

"काय दिसलं?"

"शिक्का."

पंचांचा आवाज खाली आला. "तुला खेळायचंय का नाही?"

"लई खेळायचंय."

तो तसाच उभा राहिला. हातात चेंडू, वर जाळी. मग त्यानं चेंडू खाली ठेवला, घट्ट बनियन डोक्यातून ओढून काढली आणि पायऱ्यांकडं गेला.

"घे. पुन्हा नाव पुकारलं की पुढं जा अन् हजर म्हन."

"मला न्हाई जमत रे," हरीश म्हणाला. "हरू आपण."

"पळता तर येतं ना? घुसायचं. धक्का बसला तरी घुसायचं. शिट्टीची वाट बघायची न्हाई."

हरीशनं बनियन घातली. घामानं ओली होती, तरी त्यानं ती खाली ओढून नीट केली आणि डबा पायरीवर ठेवला.

"प्रेमदास," सर जवळ येऊन दातांत म्हणाले, "येडेपणा करू नको. गुमान खेळ. कुणाला दिसलं न्हाई."

प्रेमदास पिशवीतला स्वतःचा सदरा काढून गुंड्या लावत होता. वरची एक तुटलेली होती, ती त्यानं तशीच सोडली.

"मी बघितलं की, सर. वसमतला कुठंतरी लाईन बंद पडली असंल. वायर जोडायचीय. आता निघतो मी."