पाच लिटर हैदराबाद

नांदेड स्टेशनच्या बाकावर बसून मी सामान मोजलं. चौदा भाकरी. शेंगदाण्याच्या चटणीचा एक डबा, ठेच्याचा एक. सहा कांदे. मायची एक जास्तीची साडी. माझ्या कागदांची एक फाईल. कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी. फडक्यात बांधलेली पाव किलो तूरडाळ. आणि पाच लिटरचा एक कॅन, शिरड शहापूरच्या आमच्या बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरलेला.

"माय, हैदराबादेत पाणी नसते का?"

"असंल की. कसं असते ते पाह्यलाच तर चाललो."

मला तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. मसाल्यांचे नमुने तपासायचे, तिखटात भेसळ आहे का, हळदीत रंगाचं प्रमाण किती, असं काम. हळद आमच्या शेतातच होते. आजवर मी ती शिजवली, वाळवली, पोत्यात भरली; तिच्या आत काय असतं ते मोजायला आता मिळणार होतं. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं. वडील, म्हणजे आमचे दादा, हळद शिजवायच्या गडबडीत होते. "तुझी माय पाहून येऊ दे. ती हो म्हनली तर माझं बी हो," असं सांगून ते मोकळे झाले.

आणि मायची अट एकच होती. तिथल्या पाण्यात डाळ शिजली पाहिजे.

यामागे एक इतिहास आहे. मायचं माहेर नरसीचं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ हां हां म्हणता विरघळते. लग्न होऊन ती शिरडला आली आणि पहिल्याच दिवशी तिची डाळ शिजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "नरसीवाल्यायनं पोरीला डाळ शिजवाया बी शिकवलं न्हाई," असं माझी आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे कुणीतरी चिमूटभर सोडा टाकायला सुचवलं आणि डाळ शिजू लागली, पण ते बोलणं काही विरघळलं नाही. "माझ्या बापानं घर पाह्यलं, जमीन पाह्यली, बैलाचे दात बी मोजले. पाणी कोणीच पाह्यलं न्हाई," हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी गावातल्या बारा ठिकाणच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे डाळ शिजू न देणारे क्षार, मोजला. आमचा बोअर पहिला आला. लिटरला सहाशे चाळीस मिलिग्रॅम. मी आकडा मायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "हे तुझ्या आत्याला फोन करून सांग."

तर मी ठरवलं, मायला शहर असं दाखवायचं की ती पाण्याचं विसरूनच जाईल. एक दिवसाची सहल ठरवली. एक गाडी, एक गाइड आणि फक्त आम्ही दोघी. संध्याकाळपर्यंत सात ठिकाणं.

सकाळी हैदराबाद स्टेशनबाहेर आमचा गाइड मोहनसिंग उभा होता. तिशीतला, निळी पगडी, हातात माझ्या नावाची पाटी. तो बोलायचा हैदराबादी दखनी, माय बोलायची आमची मराठी, आणि दोघांचं कुठे अडलं नाही. गाडीत बसल्याबसल्या मायने भाकरीवर चटणी घालून त्याच्या पुढे धरली.

"अम्मा, मैं खाके आया."

"खाऊन आलास तर काय झालं? गाव दाखवून राहिलास, उपाशी कसा दाखवशील?"

त्याने एका हाताने गाडी चालवत भाकरी खाल्ली. दुसरी मागून घेतली.

चारमिनारपाशी त्याने घसा साफ करून पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. पंधराशे एक्याण्णव साल, चार मिनार, वर मशीद. मी मान डोलावत होते. मागे वळून पाहिलं तर माय नव्हती. रस्त्यापलीकडे एका चहावाल्याच्या पिंपाजवळ ती उभी होती आणि साबणाची अर्धी वडी हातावर घासत होती. पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, ही तिची परीक्षा.

"फेस येऊन राहिला, पण मुर्दाड," ती परत येत म्हणाली. "कोणतं पाणी हाय म्हनून विचारलं तर म्हनतो टँकरचं. टँकरचं काय खरं? आज हितलं, उद्या तिथलं."

मोहनसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी वर मिनारांकडे पाहिलं.

मग त्याने आम्हाला मोत्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने गादीवर बसवलं, मखमलीवर सर मांडले. मायने पाणी मागितलं. त्याने थंड बाटली दिली.

"हे न्हाई. नळाचं."

"अम्माजी, नल का पानी आप नक्को पियो."

"प्यायचं कुठं हाय? तुमच्या घरी डाळ कशात शिजवता?"

दुकानदाराने जरा विचार केला आणि घरी फोन लावला. पलीकडून बायको काय म्हणाली कळलं नाही, पण हा बराच वेळ नुसतं "हौ, हौ" करत राहिला. शेवटी फोन ठेवून म्हणाला, "वो पूछ रै, तुमकू आज दाल की फिकर कैसे हुई." सगळं दुकान हसलं. मोती न घेता आम्ही बाहेर पडलो तरी त्याने गाडीपर्यंत सोडलं.

"अम्मा," मोहनसिंग म्हणाला, "सच बोलो. तुम पानी के डिपार्टमेंट से आये क्या?"

मी त्याला सगळं सांगितलं. नोकरी, सोमवार, नरसीची विहीर, आत्या. तो स्टिअरिंगवर हात मारून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "फिर तो गोलकुंडा देखना पडता," म्हणाला.

गोवळकोंड्यात त्याने पाठ केलेलं काहीच सांगितलं नाही. दरवाजात टाळी वाजवली की वर ऐकू येते, ते त्याने एका वाक्यात उरकलं आणि मायला थेट भिंतीतल्या मातीच्या नळांपाशी नेलं. खालचं पाणी टप्प्याटप्प्याने वर कसं चढवायचे, ते हाताने दाखवलं. माय वाकून नळाच्या तोंडात पाहत राहिली. आत बोट घालून सांधा कसा बसवलाय ते चाचपलं. मीही बघत होते. दोन नळांमधला चुना अजून शाबूत होता.

"म्हंजे राजाला बी पाण्याचीच तकलीफ," माय म्हणाली.

"बराबर बोले अम्मा."

ऊन चढलं होतं. माथ्यावर पोचेपर्यंत आमच्या मागे अकोल्याचं एक कुटुंब आणि दोन म्हाताऱ्या बायका लागल्या होत्या. सगळ्यांना तहान. मायने कॅन उघडला. "जड हाय, पण गोड मानून प्या," असं प्रत्येकाला सांगत तिने आमचा बोअर गोवळकोंड्यावर वाटला. उतरताना कॅन माझ्या हातात रिकामा होता.

दुपारी आम्ही प्रयोगशाळेने सुचवलेल्या मुलींच्या वसतिगृहावर गेलो. सात ठिकाणांत ते नव्हतं, पण माझ्या दृष्टीने खरं ठिकाण तेच. खोली हवेशीर होती. मला आवडली. माय मात्र सरळ मोरीत गेली. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमला होता, अगदी आमच्या बोअरच्या नळासारखा. तिने साबण घासला. फेस आलाच नाही, नुसते चोथ्यासारखे कण हातावर राहिले.

"बोअर हाय व्हय?" तिने व्यवस्थापिकेला विचारलं.

"हो, चोवीस तास पाणी."

हात पदराला पुसून माय जिना उतरली. ती रागावली असती तर मला वाद घालता आला असता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "कोमे, मी मुद्दाम न्हाई करून राहिले. पर ज्या पाण्यानं माझी जिंदगी गेली, तेच पाणी पाह्यला तुला इतक्या लांब धाडू काहून?"

"माय, तिथे मेस आहे. मला डाळ शिजवायचीच नाही."

"आज न्हाई."

मी खिडकीबाहेर पाहत बसले. सोमवारचं नकाराचं उत्तर मनातल्या मनात लिहूनही झालं.

मोहनसिंगने गाडी सुरू केली नव्हती. "एक घर है," तो म्हणाला. "मेरी बहन नीलम शादी से पैले उधर रैती थी. बोअर नै, नदी का पानी आता. लेकिन एक दिन छोड के, शाम कू. उसके वास्ते रुके तो तालाब रै जाता, अम्मा. हुसेनसागर. और बिर्ला मंदिर भी."

"पाणीच पाह्यला आलो न रे? तलावाचं काय करायचं?"

घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. मालकीणबाई गंगूताई, हैदराबादेतच जन्मलेल्या मराठी बाई, निवृत्त कारकून. वरची खोली दोन मुलींना भाड्याने देत. एक जागा रिकामी होती. मायने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच, आणि गंगूताईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"अहो, माझ्या भावाकडे बोअर आहे," त्या म्हणाल्या. "त्याची बायको आठवड्यातून दोनदा डाळ घेऊन इकडे येते. म्हणते, ताई, तुमच्या कुकरला लावा."

मायचे डोळे चमकले. पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नाही. तो माझ्यात तिच्याकडूनच आला असावा.

आम्ही पाण्याची वाट पाहत बसलो. गंगूताईंनी चहा केला, मायने उरलेल्या भाकरी वाढल्या. मोहनसिंग दर थोड्या वेळाने नळाकडे जाऊन यायचा, जणू पाणी त्याच्याच घरून यायचं होतं. पाच वाजता यायचं पाणी सात वाजता आलं. आधी नळ खाकरला, मग गढूळ चूळ भरली, मग स्वच्छ धार लागली. मायने साबण घासला. फेस मनगटापर्यंत चढला.

मोहनसिंगने टाळी वाजवली. "अब बोलो, अम्मा!"

"साबण वेगळा, डाळ वेगळी," माय म्हणाली आणि फडक्याची गाठ सोडू लागली.

"माय, गाडी साडेआठची आहे."

तिचा हात थांबला. गाठीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. तेव्हा मला कॅन आठवला.

"पाणीच घरी नेऊ. आपली डाळ, आपला कुकर, आपला गॅस. सगळं तेच ठेवायचं, फक्त पाणी बदलायचं. मग जे होईल ते पाण्यामुळेच."

मायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कॉलेजात हेच शिकवतेत व्हय? मंग पैसे वाया न्हाई गेले."

कॅनमध्ये आमच्या बोअरचं थेंबभर पाणी उरलं होतं. मी त्याच नळाच्या पाण्याने कॅन तीनदा विसळला आणि मग भरला. स्टेशनवर मोहनसिंगने तो स्वतः डब्यात चढवून दिला. "कुछ भी हुआ तो फोन करना," म्हणाला. "शिजी तो भी, नै शिजी तो भी." रात्रभर माय कॅनला टेकून झोपली. समोरच्या बाकावरच्या माणसाने घोटभर पाणी मागितलं तर डोळेही न उघडता म्हणाली, "हे प्यायचं न्हाई, शिजवायचं हाय."

घरी पोचलो तर हळदीच्या कामाला मदत म्हणून औंढ्याहून आत्या आली होती. मी म्हटलं, उत्तम. डाळ दाबून बघायला असा माणूस हवा ज्याला कोणती डाळ कोणत्या पाण्यातली हे माहीत नाही.

"डाळ दाबाया मी?" आत्या म्हणाली. "आणि वहिनी, डाळ शिजत न्हाई हे अजून तुमचं चालूच हाय का?"

"बसा ताई," माय म्हणाली. "आज तुमीच सांगा."

कुकर एकच घेतला, म्हणजे आच आणि वाफ दोन्हीकडे सारखी. त्यात दोन सारखे डबे, एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी. प्रत्येकात हैदराबादला जाऊन आलेल्या डाळीतली एक वाटी, अडीच वाट्या पाणी. सोडा नाही. मायने घरच्या पाण्याच्या डब्याला हळदीचं बोट लावलं, हैदराबादच्या डब्याला कुंकवाचं. आत्या तोवर ओसरीवर दादांबरोबर चहा पीत होती.

पाच शिट्ट्यांनंतर गॅस बंद केला. वाफ आपसूक जाईपर्यंत कुणीच कुकरला हात लावला नाही. मग डबे ताटात मांडून आत्याला आत बोलावलं. दादाही दारात येऊन उभे राहिले. मी प्रत्येक डब्यातून दहा दाणे चमच्याने काढून पाटावर ओळीने ठेवले. आत्याने पदर खोचला आणि अंगठा-बोटांत एकेक दाणा दाबायला घेतला. जो पूर्ण विरघळला तोच शिजलेला धरायचा, असं आधीच ठरलं होतं.

हळदीचा डबा: दहापैकी तीन.

कुंकवाचा डबा: दहापैकी दहा.