तेल लागलेली रवी आणि मटर

मित्रांनो, मी एक जुनी रवी आहे, आणि सध्या माझा नुसता संताप होतो आहे. बोलता येत नाही, हेच माझे दुखणे.

वारासिवनीच्या एका सुताराने मला सागवानाच्या तुकड्यातून घडवले. पुढे बालाघाटला अलकनंदाबाईंच्या स्वयंपाकघरात मी वर्षानुवर्षे ताक घुसळले. पाहुणे ताकाला नावाजत, मी मनातल्या मनात फुगत असे. मग मिक्सर आला. माझे दोन दाते मोडले होतेच, त्यामुळे माझी रवानगी खणात, तुटक्या चिमट्याशेजारी झाली. तिथे माझी कोणी विचारपूस केली नाही.

यंदा अलकनंदाबाईंची नात देवश्री हिच्या बाबांनी, म्हणजे गुणाकररावांनी, तिला एक छोटा हिरवा बजरीगर पक्षी आणून दिला. तिने त्याचे नाव मटर ठेवले. त्याला दांडीवर बसायला शिकवायचे, मग बोटावर, असे तिने ठरवले. दांडीसाठी तिने घर धुंडाळले. स्टीलचा चमचा चकाकला, मटर घाबरला. पेन्सिल फारच बारीक पडली. शेवटी मी सापडले. माझा दांडा तिच्या बोटाएवढा जाड होता आणि खणात सुकून खरखरीत झाला होता. राळ्याचे दाणे दाखवत तिने मला हळूच त्याच्या पोटाशी नेले आणि मटर चढला! इतक्या वर्षांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

पण खंडेनवमी आली. या घरात हत्यारे कसली? लाटणे, पोळपाट, काठवट. अलकनंदाबाई दरवर्षी त्यांना जवसाचे तेल चोळून कुंकू लावतात. मी पुन्हा कामाला लागले म्हणून त्यांनी मलाही मायेने दोनदा तेल चोळले. दुसऱ्या दिवशी मटर चढला, घसरला आणि फरशीवर आपटला. त्यानंतर मला पाहिले की तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फडफडू लागला.

दोष कुणाला? मटरला! कुणी त्याला चंचल म्हटले, कुणी बिनडोक. मी तिथेच चकचकत पडले होते आणि मला कोणी बोट लावूनही पाहिले नाही. ताक घुसळताना निदान घुर्र घुर्र करता यायचे. आता तेही नाही. इतका राग मला मिक्सरचाही आला नव्हता.

“हा काही शिकत नाही. रविवारी दुकानात वापस करून देतो,” गुणाकरराव म्हणाले.

देवश्री दोन दिवस धड जेवली नाही. रविवारी खोका तयार झाला. मला खणात टाकायला तिने मुठीत धरले आणि मी तिच्या हातून निसटले. तिने तळवा पाहिला, हुंगला.

“बाबा, थांबा. पाय घसरून राह्यले त्याचे. हे तेल आहे.”

गुणाकररावांनी मला बोटांनी चाचपले. मग खोका उचलून कपाटावर ठेवला.

“दिवाळीपर्यंत पाहू,” ते म्हणाले.

देवश्रीने मला गरम पाण्याने आणि साबणाने घासले आणि वर सुतळी गुंडाळली. पण भीती काही साबणाने जात नाही. मटर रोज मला दुरूनच पाहतो. खोकाही अजून कपाटावर आहे.

मित्रांनो, मुक्या जिवाला मूर्ख ठरवण्याआधी त्याच्या पायाखाली तुम्ही काय ठेवले आहे, ते एकदा हात लावून पाहा. आज सकाळी मटरने माझ्यावर एक पाय ठेवला. दुसऱ्याची मी वाट पाहते आहे.