दोन तेलताड आणि माझं तोंड

मित्रांनो, मी एक जुनं पत्र्याचं नरसाळं आहे आणि मला स्वतःचीच किळस येते. कारागिराने घडवलं तेव्हा माझ्यात बघून लोक भांग पाडायचे. आता कुणी बघितलं तर त्याला जेवण जाणार नाही.

माझी नोकरी तेलाच्या घाण्यावर. मागे दोन तेलताड, एकमेकांचे चुलतभाऊ. एक उंच, सरळ, घोसांनी लगडलेला. त्याचं तेल भरपूर, पण थंडीत थिजून माझ्या नळीत बसतं. दुसऱ्याचं खोड जमिनीवर पसरलेलं, जेवून आडवं झाल्यासारखं. तेल थोडं, पण थंडीतही पातळ. उंचाचा कोंब कुजायला लागला, त्या वर्षीही हा मजेत होता.

घाणेवाल्याचा लाडका उंच. "या आडव्याने जागा अडवलीय. तोडतो."

तो आडवा ताड घाणेवाल्याच्या ताईने लावलेला. ती म्हणाली, "आधी दोघांचं तेल चाखून बघ. मग काय ते ठरव."

आधी उंचाचं तेल माझ्यातून बाटलीत गेलं. घाणेवाल्याने चाखलं, "वा!" म्हणाला आणि मला न धुताच खिळ्याला अडकवलं. आडव्याचे घोस पिकेपर्यंत आतलं तेल खवट झालं, त्यावर धूळ चिकटली. एक झुरळ राहायला आलं आणि वास सहन न होऊन निघून गेलं. झुरळ, मित्रांनो!

मग त्याच अवस्थेत माझ्यातून आडव्याचं ताजं तेल पातेल्यातून बाटलीत ओतलं. घाणेवाल्याने चाखलं, थू थू केलं आणि कुऱ्हाड उचलली.

पहिला घाव बसला. मला तोंड आहे, पण ते फक्त ओतून घ्यायला.

ताईने बाटली हुंगली. मग पातेल्यात उरलेलं तेल हुंगलं. मग मला.

"शी शी शी! अरे ए शहाण्या, थांब!" तिने मला त्याच्या तोंडावर दाबलं. नाक, मिश्या, सगळं आत मावलं.

"आई गं! काय मेलंय यात?"

"तुझी अक्कल. आता पातेल्यातलं चाख."

त्याने चाखलं. कुऱ्हाड हळूच भिंतीला टेकवली. "चांगलं आहे गं."

"आणि हे कोण घासणार?"

"...मीच."

आडव्याच्या खोडावर तो घाव अजून आहे. घाणेवाला रोज त्यावरून हात फिरवतो. माझी माफी अजून कुणी मागितलेली नाही.

मित्रांनो, दोघांत डावं-उजवं खुशाल ठरवा. फक्त त्याआधी मधलं भांडं घासा.