मोटरीच्या नटावरची रेषा

नटावरची लाल रेषा जरा जाड होती आणि तिला चकाकी होती. रत्नदीप ओढायचा ती रेषा मळकट लाल, कोरडी असायची. ती नटावरून सरळ खालच्या पट्टीवर उतरते. नट थोडासा जरी फिरला, तरी तिचे दोन तुकडे होतात आणि नट सैल झाल्याचं लांबूनही कळतं. विमानाच्या इंजिनांवर तो हेच करायचा. गेल्या सुट्टीत त्याने घरच्या पाण्याच्या मोटरीलाही केलं होतं.

तो उकिडवा बसला. नव्या रेषेखालून जुनी डोकावत होती, तुटलेली.

"ही कोणी ओढली?"

"मी." त्याची बायको पौर्णिमा दोरीवर कपडे वाळत घालत होती. "उन्हाळ्यात मोटर धडधडाया लागली. तुमचाच पाना घेतला न आवळली. तुमचा रंग सुकलेला, मग नेलपॉलिश लावलं."

"तुटलेल्या रेषेवर नवी ओढायची नसते. जुनी खरवडून काढायची. नाहीतर तपासणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही."

"इथं कोन येतंय तपासाया? तुमी येता वर्साला एकदा, पावन्यासारखे." ती हसली, पण त्याच्याकडे न बघता.

शारजा, नैरोबी, पुन्हा शारजा. दर कंत्राटाला तो म्हणायचा, हे शेवटचं. तिकडे खोलीत चौघे होते, चौघांच्या पाळ्या वेगळ्या. एक उठला की दुसरा झोपायचा, बोलायला जागं कोणी नसे. दुरुस्त केलेलं विमान माणसांनी भरून निघून जायचं आणि तो हँगरमध्ये एकटाच हत्यारं पुसून पेटीत लावायचा.

मुरबाडच्या एका कारखान्यात फिटरची जागा होती. पगार निम्म्याहून कमी. सोमवारी येतो की नाही ते कळव, असं तिथल्या मॅनेजरने सांगितलं होतं. पौर्णिमाला त्याने अजून सांगितलं नव्हतं.

पान्याच्या टोकाने तो रेषा खरवडू लागला. आधी नेलपॉलिश निघालं, मग त्याचा स्वतःचा रंग.

ओट्यावर मोबाइल वाजला.

"तुमचा एजंट," पौर्णिमा म्हणाली. "सकाळपास्नं तिसऱ्यांदा. उचला तरी." आणि तिनेच बटण दाबून फोन त्याच्या कानाला लावला, कारण त्याचे हात मोटरीच्या ग्रीसने माखले होते.

"रत्नदीप, तिकीट काढू ना? शारजाच आहे."

धातू आता स्वच्छ झाला होता. त्याने पाना खाली ठेवला.

"नाय साहेब," तो म्हणाला. "माझं नाव काढा. मी आता घरीच राहनार."