वायर जोडली तो रविवार

मित्रांनो, तिसगावात महमूदभाईंचं गाद्या भरायचं दुकान आहे. त्या दुकानामागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला मी एक गेम कन्सोल आहे. वयानं मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांएवढा असेन. मी पुरता बिघडलेलो नाही. तरी मला आता कुणी खाली काढत नाही. असं का झालं, ते सांगायला मला जड जातं, पण सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. किती हातांनी मला जोडलं ते मला आठवत नाही. कुणी पोटात पंखा बसवला, कुणी तबकडी फिरवणारं यंत्र बसवलं, आणि एका बाईनं कोपऱ्यात नखाएवढी धातूची पट्टी लावली. ती पट्टी म्हणजे माझा कान. हवेतून येणारं इंटरनेट मी तिनंच ऐकतो. पहिली काही वर्षं मी पुण्यात एका घरी काढली. तिथल्या मुलांकडे माझ्याहून नवा कन्सोल आला आणि मी नगरला जुन्या वस्तूंच्या दुकानात येऊन पडलो. तिथून मला अझहरनं आणलं.

अझहर हा महमूदभाईंचा थोरला मुलगा. एसटीत तो मला मांडीवर घेऊन बसला होता. खिडकीतून धूळ यायला लागली तशी त्यानं गळ्यातला रुमाल काढून माझ्यावर घातला. असं मला तोवर कुणी जपलं नव्हतं.

घरी त्याची बहीण अल्मास वाट पाहत होती. ती दुकानासाठी गाद्यांच्या खोळी शिवायची आणि पाथर्डीच्या कॉलेजात शिकायची. दोघांना एकच खेळ आवडे, होडीचा. नदीतून होडी न्यायची, एकानं डावं वल्हं मारायचं, दुसऱ्यानं उजवं. मित्रांनो, अझहर फार अबोल होता. कुणी समोर बसून विचारलं की त्याची मान खाली जायची. पण वल्हं हातात आलं आणि डोळे पडद्यावर लागले की त्याचं तोंड सुटायचं. परीक्षेत नापास झाल्याचं त्यानं पहिल्यांदा बहिणीला सांगितलं ते माझ्यासमोर, होडी चालवता चालवता.

पुढं त्याला पुण्याकडच्या एका कारखान्यात काम मिळालं. पत्रा दाबून भांडी काढणाऱ्या प्रेसवर. महमूदभाईंना फार आनंद झाला. "आमच्या तीन पिढ्यांच्या छात्या रुईच्या धुळीत गेल्या," ते येईल त्याला सांगत, "माझं पोरगं सुटलं." अझहरच्या खोलीवर आसिफ नावाच्या जोडीदाराकडेही कन्सोल होता. मग आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी, भाऊ तिकडून आणि बहीण इकडून पुन्हा होडी चालवू लागली. अल्मास कानाला हेडफोन लावायची. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली दोन वर्षं.

मग माझा कान दुखू लागला. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, मग दर दोन दिवसांनी, मधेच इंटरनेट मला ऐकूच येईना. पडद्यावर पाटी यायची, 'जोडणी तुटली'. तिकडं अझहरची होडी एकाच वल्ह्यानं जागच्या जागी गरगर फिरत राहायची. अल्मास मला बंद करायची, परत चालू करायची. मी जोडला जायचो, पुन्हा तुटायचो.

एका मंगळवारी संध्याकाळी अझहर होडी सारखी काठावर आदळत होता. मग म्हणाला, "अल्मास, एक सांगायचंय. अब्बांना तू समजावशील का?"

"काय समजावू, भाई?"

त्यानं श्वास घेतलेला मी ऐकला. पुढचा शब्द माझ्यापर्यंत आलाच नाही. पाटी आली. अल्मासनं मला तीनदा बंद-चालू केलं. मी त्या दिवशी जोडला गेलो नाही.

तिनं मोबाईलवरून लिहिलं, 'काय सांगत होतास?' उत्तर आलं, 'फोनवर मला नाही जमत. नेट आलं की सांगतो.' अल्मासला हसू आलं. तिनं मैत्रिणीला, अफ्रीनला, फोन लावला. "भाईनं तिकडं मुलगी बघितलीय वाटतं," ती म्हणाली, "अब्बांची मनधरणी माझ्याकडून करून घ्यायची आहे त्याला." तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. ती हौसेनं मला दुरुस्त करायला बसली.

काय काय केलं त्या पोरीनं! राऊटर दुकानात होता, मी मागच्या खोलीत. मधे भिंत, भिंतीला टेकून लोखंडी कपाट. तिनं आणि तिच्या अम्मीनं ते भरलेलं कपाट ढकलत दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. मी दहा मिनिटं नीट चाललो, मग तुटलो. तिनं राऊटर भिंतीवरून काढून दाराच्या चौकटीवर ठोकला. पासवर्ड पुसून नव्यानं घातला. राऊटरवरून दोन नावांचं नेट यायचं, एक जलद आणि एक लांब पोचणारं. दोन्ही लावून पाहिली. कुणीतरी सांगितलं म्हणून घरातले बाकीचे मोबाईल बंद करायला लावले. दर वेळी मी थोडा वेळ जोडला जायचो आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. ते मला सहन व्हायचं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, राऊटर ठीक आहे, भिंत ठीक आहे, दोष माझा आहे, माझी पट्टी गंजून सुटत आलीय. पण मला बोलता येत नाही. मला फक्त पाटी दाखवता येते, आणि ती दर वेळी तीच असते.

मोबाईल ती माझ्या पाठीवरच ठेवायची. सहाव्या दिवशी त्यावर अझहरचा निरोप आला, 'झालं का?' तिनं लिहिलं, 'अजून नाही.' शुक्रवारी पुन्हा आला, 'झालं का?' तिनं लिहिलं, 'गोरखदादा रविवारी येणारेत. मग होईल.' त्यानं लिहिलं, 'बरं.'

गोरखदादा म्हणजे गावात नेटची जोडणी देणारे गोरक्षनाथ. रविवारी सकाळी ते आले. त्यांनी आपला मोबाईल माझ्या शेजारी ठेवला आणि थोडा वेळ पाहत राहिले.

"हितं तर नेट पुरं येतंय," ते म्हणाले. "राऊटरला काय बी झालेलं न्हाई. ह्या डब्याचाच कान गेलाय. तू उगं कपाटं ढकलत बसली."

"मग आता?"

"आता हवेचा नाद सोड. वायर वढू सरळ."

त्यांनी भिंतीला भोक पाडलं, पिवळी वायर दुकानातून आत आणली आणि तिचं टोक माझ्या पाठीत खोचलं. अर्ध्या तासाचं काम. मित्रांनो, इतकं स्वच्छ मी कधीच ऐकलं नव्हतं. अल्मासनं हेडफोन लावला आणि होडीत जाऊन बसली. अझहरच्या नावापुढचा दिवा विझलेला होता. "झोपला असेल, सुट्टीय," असं म्हणून ती थांबली.

तेवढ्यात दुकानात महमूदभाईंचा फोन वाजला. आसिफचा होता. आदल्या दिवशी दुपारी अझहरचा उजवा हात प्रेसमध्ये गेला होता. अंगठा राहिला, चार बोटं गेली. आसिफला घरचा नंबर मिळायला सकाळ झाली होती.

महिन्याभरानं अझहर घरी आला, तेव्हा सगळं कळलं. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून एक आडवी दांडी असते. ती तुटली होती. त्यानं दोनदा सांगूनही कुणी बसवली नव्हती. एकदा तर बाहीच अडकली होती. त्याला काम सोडून घरी यायचं होतं, पण अब्बांना काय वाटेल, या एका धास्तीनं तो थांबला होता.

महमूदभाई त्याच्या उशाशी बसून म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस, बेटा? मी एका शब्दानं तुला माघारी बोलावलं असतं."

अझहरची मान खाली गेली. अल्मास दारात उभी होती. ती म्हणाली, "मला सांगणार होता. मी नेट नीट करत बसले."

"जाऊ दे," अझहर म्हणाला. "तू माझ्यासाठीच करत होतीस."

ती त्यावर रडली नाही. तिनं मशीन ओढलं आणि खोळी शिवायला घेतल्या. तेव्हापासून ती कमीच बोलते. अझहरनं एकदा मला चालू केलं, डाव्या हातानं थोडा वेळ बटणं दाबली, उजवा अंगठा फिरवून पाहिला, आणि मला बंद करून माझ्यावरची धूळ पुसली. मला वाईट वागवलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, मी यंत्र आहे. यंत्राची निगा राखा, धूळ झटका, वायर घट्ट बसवा, हे तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या जवळच्या माणसानं 'एक सांगायचंय' म्हटलं आणि आवाज तुटला, तर माझ्यासारख्याला उलटंसुलटं करत दिवस घालवू नका. यंत्र पडू द्या बाजूला. उठा आणि त्या माणसाकडे जा. पुण्याची एसटी आमच्या दुकानावरूनच जाते. त्या बारा दिवसांतही ती रोज सकाळी गेली.